अष्टूरचा फुटका घुमट

बीदर शहराच्या पूर्वेस सुमारे तीन किलोमीटरवर अष्टूर नावाचे खेडे आहे. बहमनी सुलतानांच्या कबरी तेथे एका ओळीने उभ्या आहेत. त्या ओळीतील एका घुमटाकडे प्रवाशाची नजर आपोआप जाते, कारण तो अर्धाच उरला आहे. वरून खाली फाक मारावी तसा तो उभा चिरला गेला असून भिंतीची जाडी, विटांचे थर आणि आतील पोकळी सारे उघडे पडले आहे. हा घुमट हुमायूनशहा बहमनीच्या कबरीवरचा. अकबराचा पिता तो हा हुमायून नव्हे. त्या हुमायूनचा जन्म झाला तेव्हा याला मरून सेहेचाळीस वर्षे लोटली होती. वीज पडून हा घुमट फुटला असे सांगतात, आणि सांगणारा एवढ्यावर थांबत नाही. हुमायून हा ‘जालीम’ होता, त्याची कबरदेखील आभाळाला सहन झाली नाही, असेही तो पुढे जोडतो.

औशाहून बीदर काही फार दूर नाही. औसा, उदगीर आणि कंधार हे तिन्ही किल्ले बहमनी राज्याचे. ते राज्य मोडल्यावर हे तिन्ही बीदरच्या कासीम बरीदाकडे राहिले. म्हणजे ज्या राजाविषयी आम्ही लिहीत आहोत, तो आमच्या या मुलखाचाच राजा होता. तरीही आपल्या मुलांना त्याचे नाव क्वचितच ठाऊक असते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांना त्या नावामागची ‘जालीम’ ही पदवी तेवढी माहीत असते. साडेपाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला चिकटलेली ही पदवी कोणी दिली, कोणत्या पुराव्यावर दिली आणि ती कितपत न्याय्य आहे, याचा विचार करावा असे बरेच दिवस आमच्या मनात होते. खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी आठवी आज्ञा केवळ जिवंत शेजाऱ्यापुरतीच आहे, असे आम्हांस कधी वाटले नाही.

प्रथम घडले काय ते पाहू. इ. स. 1458 मध्ये सुलतान अल्लाउद्दीन अहमदशहा दुसरा बीदर येथे मरण पावला. थोरला मुलगा हुमायून हा वारस होता. परंतु दरबारातील सैफखान, मल्लूखान आणि शाह हबीबुल्ला या मातबर मंडळींनी सुलतानाच्या मृत्यूची वार्ता दडवून धाकटा मुलगा हसनखान याला तख्तावर बसविले. हुमायूनला हे कळताच तो थोड्या सोबत्यांनिशी राजवाड्यात शिरला, भावाला तख्तावरून उतरविले आणि स्वतः राजा झाला. सैफखानाला हत्तीच्या पायाला बांधून शहरातून फरफटत नेण्यात आले. हसनखान आणि हबीबुल्ला तुरुंगात पडले. एवढे लक्षात ठेवावे की, या वेळी हुमायूनने भावाचा जीव घेतला नाही.

पाठोपाठ दुसरे बंड उठले. जलालखान हा हुमायूनच्या आत्याचा नवरा आणि सिकंदरखान हा त्याचा मुलगा. या बापलेकांनी अल्लाउद्दीनच्या काळातही बंड केले होते. त्या वेळी सिकंदरखान आजच्या नांदेड जिल्ह्यातील माहूरला गेला आणि त्याने माळव्याच्या सुलतानालाच राज्यावर बोलावून आणले. अल्लाउद्दीनने त्यांना क्षमा केली. आता तेलंगणाची सुभेदारी मिळाली नाही म्हणून सिकंदर पुन्हा उठला. हुमायून स्वतः चालून गेला. लढाईत सिकंदर मारला गेला. जलालखान शरण आला, त्याला जीवदान देऊन कैदेत ठेवण्यात आले. येथेही मृत्युदंड नाही.

खरी भयंकर गोष्ट पुढची. हुमायून वरंगळच्या बाजूस मोहिमेवर असताना यूसुफ तुर्क नावाच्या माणसाने आपल्या साथीदारांसह बीदरचा तुरुंग फोडला आणि हसनखान, हबीबुल्ला व इतर पुष्कळ कैदी बाहेर काढले. हसनखान बीडला गेला आणि तेथे त्याने आपण सुलतान असल्याची द्वाही फिरविली. बीदरहून बीडकडे जाणाऱ्या वाटा आमच्या याच मुलखातून जातात. त्या वर्षी येथील शेतकऱ्याने कोणत्या फौजेला चारा पुरविला आणि कोणत्या फौजेने तो न विचारता नेला, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. हुमायूनची पहिली फौज हसनखानाने परतवून लावली. दुसऱ्या वेळी तो हरला आणि विजापूरकडे पळाला. तेथील ठाणेदार सिराजखान जुनैदी याने आश्रयाचे निमित्त करून त्याला आत घेतले आणि पकडले. हबीबुल्ला लढता लढता मेला. हसनखान बेड्यांत बीदरला आला.

इ. स. 1460 मध्ये बीदरच्या चौकात जे झाले, ते फिरिश्त्याने विस्ताराने वर्णिले आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे सुळ उभारले गेले, मस्त हत्ती आणि हिंस्र पशू आणले गेले, उकळत्या तेलाच्या आणि पाण्याच्या कढया मांडल्या गेल्या. सुलतान सज्जात बसला. हसनखानाला वाघापुढे टाकण्यात आले. यूसुफ तुर्क आणि त्याच्या साथीदारांची डोकी उडविण्यात आली. त्यांच्या घरच्या स्त्रियांची विटंबना झाली. आणि ज्यांचा बंडाशी काडीचाही संबंध नव्हता अशी सुमारे सात हजार माणसे, स्वयंपाकी आणि चाकर धरून, हालहाल करून मारली गेली. त्यापूर्वीच तुरुंगाची राखण करण्यात कसूर केली म्हणून शहराच्या पहारेकऱ्यांना ठार करण्यात आले होते आणि कोतवालाला पिंजऱ्यात कोंडून त्याचे एकेक अवयव तोडून त्यालाच खाऊ घालण्यात आले होते. पुढे पुढे तर सरदार दरबारास निघताना बायकामुलांचा अखेरचा निरोप घेऊन निघत, आणि लग्नाच्या मिरवणुकीतून वधू राजवाड्यात ओढून नेल्या जात, असेही फिरिश्ता लिहितो.

वर्षभराने, 1461 च्या सप्टेंबरात हुमायून मेला. राज्य जेमतेम साडेतीन वर्षांचे. तो आजाराने मेला असे एक मत. दारूच्या नशेत असताना एका दासीने त्याला मारले असे दुसरे. नझीरी नावाच्या कवीने त्याच्या मृत्यूचा कालश्लेष रचला. फारसी लिपीत प्रत्येक अक्षराला संख्येचे मोल असते. ‘जगाचा आनंद’ अशा अर्थाचे दोन शब्द त्याने असे योजले की, त्यांच्या अक्षरांची बेरीज 865 व्हावी, आणि हुमायून मेला ते हिजरी वर्ष नेमके तेच. राजाचे मरण हाच जगाचा आनंद. अशी चलाख रचना एकदा लोकांच्या तोंडी बसली की, दहा ग्रंथांनी ती पुसली जात नाही.

आता साक्षीदारांकडे वळू. हुमायूनविषयीची जवळजवळ सगळी माहिती आपणांस दोन तवारिखांतून मिळते. सय्यद अली तबातबाई याने ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ अहमदनगरच्या निजामशाही दरबारात सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लिहिली. मुहम्मद कासीम फिरिश्त्याने आपला इतिहास विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने सतराव्या शतकाच्या आरंभी पुरा केला. म्हणजे एक साक्षीदार घटनेनंतर सुमारे एकशेतीस वर्षांनी बोलतो, दुसरा दीडशे वर्षांनी. दोघेही बहमनी राज्याच्या भंगारातून उभ्या राहिलेल्या घराण्यांचे चाकर. आणि दोघेही ‘आफाकी’.

या शेवटच्या शब्दाचा खुलासा केला पाहिजे, कारण सारी मेख तेथेच आहे. बहमनी दरबारात दोन तट होते. उत्तरेतून येऊन पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेले, येथील बाटलेले आणि त्यांच्या जोडीला हबशी, हे ‘दखनी’. इराण, इराक, तुर्कस्तान येथून नव्याने आलेले, फारसी बोलणारे, बहुधा शिया पंथाचे, हे ‘आफाकी’ किंवा परदेशी. पगार, जहागिरी आणि राजाची मर्जी यांसाठी या दोघांत जे हाडवैर होते, त्याने शेवटी ते राज्य गिळले. अल्लाउद्दीनच्याच कारकिर्दीत, कोकणातील पराभवानंतर पुण्याजवळच्या चाकणला आसरा घेतलेल्या आफाकींची दखनी सरदारांनी कत्तल केली होती. शाह हबीबुल्ला हा किरमाणच्या शाह निअमतुल्ला या थोर सत्पुरुषाच्या वंशातला, आफाकींना अत्यंत पूज्य. ज्याच्या राज्यात तो मारला गेला, त्या राजाविषयी आफाकी लेखणीने मऊ शब्द लिहावा, ही अपेक्षाच अवास्तव होय.

हा प्रकार मराठी वाचकाला नवा वाटू नये. संभाजी महाराजांच्या वाट्याला हेच आले. त्यांच्या आज्ञेने 1681 मध्ये बाळाजी आवजी चिटणीस मारले गेले. आणि त्याच घराण्यातील मल्हार रामराव चिटणीस यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली बखर पुढे कितीतरी पिढ्या संभाजी महाराजांच्या चरित्राचा आधार मानली गेली. व्यसनी, उतावळा, राज्य घालविणारा राजपुत्र हे चित्र नाटकांनी आणखी गडद केले. वा. सी. बेंद्रे यांचा ग्रंथ 1960 मध्ये आणि कमल गोखले यांचा 1971 मध्ये आला, तेव्हा कोठे कागदपत्रांतले संभाजी महाराज लोकांपुढे आले.

हुमायूनच्या बाबतीत हे काम हैदराबादचे इतिहासकार हारून खान शेरवानी यांनी केले. बहमनी राज्यावरचा त्यांचा ग्रंथ 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. साक्षीदारांचे हितसंबंध त्यांनी उघड केले, पण त्यांचा खरा आधार महमूद गावानचा आहे. गावान हा इराणातील गिलानचा व्यापारी. 1453 मध्ये दक्षिणेत आला आणि पुढे बहमनी राज्याचा सर्वांत मोठा वजीर झाला. त्याला वर आणणारा राजा कोण, तर हा ‘जालीम’ हुमायून. राज्यावर येताच त्याने गावानला मलिक-उत-तुज्जार हा किताब दिला. शहाण्या मंत्र्यावाचून राज्य चालत नाही, अशा आशयाचे त्याचे त्या वेळचे भाषण तबातबाईनेच नोंदविले आहे. गावान स्वतः आफाकी होता. तेव्हा हुमायून आफाकींचा सरसकट वैरी होता, हे म्हणणे टिकत नाही. गावानचा पत्रसंग्रह आज उपलब्ध आहे आणि त्यात हुमायूनचा उल्लेख आदराने येतो. घटनांच्या काळी हयात असलेल्या, दरबार आतून पाहिलेल्या माणसाची ही साक्ष होय.

अर्थात मंत्री धन्याची स्तुती करतो त्यात नवल काय, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे चुकीचे नाही. गावानचे भाग्य या राजामुळे उजळले. त्याचे आदराचे शब्द आम्ही तोळामासा कमी करूनच घेऊ. आम्हांस अधिक वजनदार वाटते ती दुसरी गोष्ट. हुमायून मेला तेव्हा त्याचा वारस निजामशहा आठ वर्षांचा होता. कारभार राजमाता, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गावान या तिघांच्या हाती आला. ही बातमी पसरताच ओरिसाचा राजा चालून आला; माळव्याच्या महमूद खिलजीने तर 1462 मध्ये बीदर शहरच घेतले. ज्या राजाने घराघरांतील माणसे कढयांत उकळली, ज्याच्या मरणाचा जगाला आनंद झाला, त्याच्या पोरक्या मुलाला अशा वेळी कोण वाचविणार? परंतु सरदारांनी त्या मुलाला सोडले नाही. गुजरातच्या सुलतानाची मदत आणून शत्रूला मागे हटविले. 1463 मध्ये निजामशहा अचानक मेला, तेव्हा त्याच्या नऊ-दहा वर्षांच्या भावालाच तख्तावर बसविले. जुलमाने पिचलेले राज्य जुलमी माणसाच्या दुबळ्या लेकरांशी असे वागत नाही.

याच काळात इंग्लंडमध्ये जे चालले होते ते शेजारी ठेवून पाहिले म्हणजे या मुद्द्याचे मोल ध्यानात येते. हुमायून मेला त्याच 1461 साली तेथे यॉर्क घराण्याचा चौथा एडवर्ड लँकेस्टर घराण्याच्या सहाव्या हेन्रीला हुसकावून गादीवर आला. 1483 मध्ये तो मेला. मागे बारा आणि नऊ वर्षांचे दोन मुलगे. त्यांचा पालक म्हणून नेमलेला काका रिचर्ड याने मुलांना अनौरस ठरवून स्वतः राज्य घेतले. मुले लंडनच्या टॉवरमध्ये होती. ती पुन्हा कोणाला दिसली नाहीत. दोन वर्षांनी, 22 ऑगस्ट 1485 रोजी बॉसवर्थच्या रणात रिचर्ड मारला गेला आणि हेन्री ट्यूडर सातवा हेन्री म्हणून राजा झाला. तेथील पोरक्या राजपुत्रांना सांभाळणारा गावान मिळाला नाही.

या तिसऱ्या रिचर्डची कीर्ती कोणी काळवंडली हे पाहू लागले की, आपल्या परिचयाचे एक नाव पुढे येते. ज्यांना ख्रिस्तसभेने 1935 मध्ये संतपद दिले, ते थॉमस मोर! रिचर्ड मेला तेव्हा मोर सात वर्षांचे होते. पुढे काही काळ ते जॉन मॉर्टन यांच्या घरी शिकायला होते, आणि रिचर्डने ज्यांना अटक केली होती ते बिशप हेच. सातव्या हेन्रीच्या काळी ते कार्डिनल झाले. मोर यांनी तिसऱ्या रिचर्डचा इतिहास लिहावयास घेतला आणि अपुरा ठेवला. त्यातील रिचर्ड कुबडा आहे, त्याचा डावा खांदा उंच आहे, एक हात वाळलेला आहे, आणि मन शरीराहून वाकडे आहे. शेक्सपियरने त्याला रंगभूमीवर आणले, मग विचारूच नका. जॉन रौस नावाचा एक धर्मगुरू तर आणखी पुढे गेला. रिचर्ड जिवंत असता त्याने त्याचे गुण गायिले होते. राजा बदलताच त्याने लिहिले की, हा दोन वर्षे आईच्या पोटात होता आणि दातांसह जन्मला. आमच्याच पेशातील माणूस म्हणून हे लिहिताना किंचित संकोच होतो.

2012 मध्ये लेस्टर शहरात, एका मोटारी उभ्या करण्याच्या आवाराखाली, फ्रान्सिस्कन मठाच्या जुन्या चर्चच्या जागी एक सांगाडा निघाला. आईच्या बाजूच्या वंशजांशी गुणसूत्रीय तपासणी जुळवून तो रिचर्डचाच असल्याचे पुढील वर्षी जाहीर झाले, आणि 2015 मध्ये लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्याचे सन्मानाने दफन झाले. हाडांनी काय सांगितले? पाठीचा कणा एका बाजूस वळलेला होता. म्हणजे निंदा सर्वस्वी निराधार नव्हती. पण कुबड नव्हते, दोन्ही हात धड होते, आणि उंच असलाच तर उजवा खांदा होता. त्या दोन मुलांचे काय झाले, हे मात्र हाडे सांगत नाहीत. रिचर्डच्या एकमेव पार्लमेंटने 1484 मध्ये केलेले कायदे चांगले होते, जामिनाबाबत त्यांनी सामान्य माणसाला संरक्षण दिले, हे खरे. पण चांगल्या कायद्याने हरवलेली मुले परत येत नाहीत. रिचर्डच्या वकिलांना हे सांगावे लागते, आणि हुमायूनच्या वकिलांनाही.

म्हणून आम्ही हुमायूनला निर्दोष ठरवीत नाही. त्याने सख्ख्या भावाला मारले, यात शंका घेण्यास जागा दिसत नाही. बंडखोरांची कुटुंबेही त्याने चिरडली असणार. त्या काळचे राजे ते करीत. हसनखानाविषयी दया वाटते, आणि ती योग्य आहे. पण हसनखान म्हणजे निरपराध कोकरू नव्हे. एकदा दरबाऱ्यांच्या हातचे बाहुले म्हणून तो तख्तावर बसला, तेव्हा त्याला जीवदान मिळाले. दुसऱ्यांदा त्याने स्वतः फौज उभी करून भावाशी लढाई दिली. अल्लाउद्दीनने सिकंदरला क्षमा केली आणि सिकंदर पुन्हा उठला. हुमायूनने हसनला राखले आणि हसन पुन्हा उठला. तिसऱ्यांदा क्षमा करण्याचे धैर्य त्याला झाले नाही. हे समर्थन नाही, घटनाक्रम आहे. आणि ते सात हजार? तवारिखांतील अशा गोल संख्या जपून घ्याव्यात. आम्ही तो आकडा स्वीकारीत नाही. पण सातशे असते किंवा सत्तर असते, तरी त्या स्वयंपाक्याच्या घरी त्या रात्री चूल पेटली नसती.

आता अष्टूरच्या त्याच ओळीतील दुसरा घुमट पाहावा. हा हुमायूनच्या आजोबाचा, अहमदशहाचा. आतून रंगीत नक्षीने भरलेला, अजून शाबूत. अहमदशहाला लोक ‘वली’ म्हणजे सत्पुरुष म्हणतात. दुष्काळात त्याने टेकडीवर जाऊन प्रार्थना केली आणि पाऊस आला, म्हणून ही पदवी. त्याच्या उरुसाला मुसलमान येतात, लिंगायत येतात. जंगम मोठ्या मानाने पुढे असतो. हिंदू-मुसलमान एका कबरीपाशी एकत्र जमतात ही गोष्ट आम्हांस अतिशय मोलाची वाटते आणि तिला धक्का लावण्याचा आमचा हेतू नाही. पण इतिहासाला विचारले तर तो काय सांगतो? 1422 मध्ये अहमदशहा आपल्या भावाविरुद्ध, सुलतान फिरोजशहाविरुद्ध उठूनच गादीवर आला. फिरोज त्यानंतर थोड्याच दिवसांत मेला आणि तो मारला गेला असे म्हणणारेही आहेत. पुढे अहमदशहाने विजयनगरवर स्वारी केली, तेव्हा मारलेल्यांची संख्या वीस हजारांवर गेली की तो तीन दिवस मुक्काम करून उत्सव करी, असे तोच फिरिश्ता लिहितो. या आकड्यालाही आम्ही वर लावलेलाच चाळणीचा नियम लावू. तरी प्रश्न उरतोच. ज्याच्या वाट्याला वीस वीस हजारांचे उत्सव लिहिले गेले तो वली, आणि ज्याच्या वाट्याला सात हजार लिहिले गेले तो जालीम, हे कसे?

आम्हांस याचे एकच उत्तर दिसते. अहमदशहाने मारले ते तुंगभद्रेच्या पलीकडचे खेडूत. त्यांच्या बाजूने फारसीत लिहिणारा कोणी नव्हता. शिवाय निअमतुल्लाच्या घराण्याला दक्षिणेत बोलावून मानमरातब देणारा राजा अहमदशहाच. हुमायूनच्या हातून मेले ते सय्यद, सरदार आणि दरबारी. त्यांचे नातलग, शिष्य आणि आश्रित लिहिणारे होते, कालश्लेष रचणारे होते. तवारिखेने रक्त मोजले, पण शाई ज्यांच्या घरी होती त्यांचेच मोजले. इंग्लंडातही असेच. सहावा हेन्री हा दुबळा राजा. 1471 मध्ये तो टॉवरमध्ये मारला गेला आणि लोक त्याच्या कबरीपाशी चमत्कार सांगू लागले. त्याचे शव विंडसरला सन्मानाने हलविले ते रिचर्डनेच, 1484 मध्ये. आणि त्याला संत म्हणून घोषित करावे असा लकडा पोपमहाशयांकडे लावला तो सातव्या हेन्रीने, कारण आपल्या घराण्यात संत असणे नव्या राजाला सोयीचे होते. रोमने घाई केली नाही. पुढे आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडले आणि तो विषय तेथेच राहिला.

राहिली वीज. येशूच्या काळी शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न त्याने स्वतःच उभा केला आणि त्याचे नकारार्थी उत्तर दिले. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात हे आहे. औसा तालुक्यातील माणसाला या उताऱ्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आमच्याच तालुक्यातील किल्लारी आणि आसपासची गावे झोपेत गाडली गेली. हजारो माणसे गेली. पाळण्यातली लेकरे गेली. तेव्हाही कोणत्या तरी पापाचे हे फळ आहे असे बोलणारे निघाले होते, आणि बोलणाऱ्यांची घरे बहुधा दूर होती. दगडमातीच्या जड भिंतींनी माणसे मारली. उंच घुमटावर वीज पडते याचे कारणही तितकेच साधे आहे.

हे सारे आजच का उकरावे, असे आमच्या काही मित्रांनी विचारले. त्याचे कारण आमच्या गावातच आहे. औशाच्या किल्ल्याच्या सावलीत हिंदू, मुसलमान आणि आपल्यासारखे थोडे ख्रिस्ती शेजारी राहतात. ‘जालीम सुलतान’ असे शब्द आजकाल कोणी उच्चारले की, ऐकणारा सुलतानाच्या धर्माकडे पाहतो आणि मग त्या धर्माच्या आपल्या शेजाऱ्याकडे. बीदरच्या त्या चौकात ज्यांनी मारले ते मुसलमान, जे मेले ते बहुतेक मुसलमान, आणि ज्यांनी मारणाऱ्याला जालीम म्हणून शाप दिला तेही मुसलमानच. भांडण धर्माचे नव्हते. ते तख्ताचे, जहागिरीचे आणि आतल्या-बाहेरच्यांचे होते. आपल्याकडील एखाद्या साखर कारखान्याच्या निवडणुकीत याची लहान आवृत्ती पाहावयास मिळते. तेथे सुदैवाने हत्ती नसतात.

शेवटी अष्टूरच्या ओळीतील तिसऱ्या कबरीचा उल्लेख करून हा लेख संपवू. ती हुमायूनच्या धाकट्या मुलाची, मुहम्मदशहा तिसऱ्याची. गावानने ज्याचे राज्य बाळपणापासून सांभाळले आणि गोव्यापर्यंत वाढविले, तोच हा. दरबारातील दखनी सरदारांनी गावानच्या शिक्क्याचा कागद मिळवून त्यावर ओरिसाच्या राजाला फितुरीचे पत्र लिहिले आणि ते सुलतानापुढे ठेवले. सुलतानाने चौकशी केली नाही. 5 एप्रिल 1481 रोजी सत्तरी ओलांडलेल्या त्या वजिराचे डोके उडविण्यात आले. पुढे कागद बनावट असल्याचे उघडकीस आले. वर्षभरात सुलतानही गेला. मरताना गावान आपल्याला मारीत आहे असे तो ओरडत होता, असे फिरिश्ता लिहितो. तवारिखांत या राजाचे टोपणनाव ‘लष्करी’ असे आहे.